बाबांचं क्लोर

मी आयुष्यात दोनच माणसांवर हात उचलला, आणि दोघांवरही एकाच दुपारी. पहिला माझा घरमालक. दुसरे माझे वडील.

तेव्हा आम्ही जर्मनीत, इंगोलश्टाटजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहत होतो. शहरात वोनुंग, म्हणजे फ्लॅट, मिळत नव्हती आणि कारखान्यात मी गाडीनेच जायचो. खेड्याच्या आमच्या टोकाला गटार नव्हतं. घरामागे जमिनीत एक टाकी होती. पंप तिच्यात हवा सोडायचा, तिच्यातले जंतू आमचा सगळा मैला खाऊन टाकायचे, आणि नितळ झालेलं पाणी चरातून घरमालकाच्या माशांच्या तळ्याकडे जायचं. घरमालक म्हणजे शेजारचाच म्हातारा शेतकरी. त्या जंतूंना तो 'माझी गुरं' म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "क्लोर ओतायचं नाही, ॲसिड ओतायचं नाही. माझी गुरं मरतील." मी मान डोलावून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणालो. पुढे बाबा दोन महिन्यांसाठी आले, तेव्हा त्यांना हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

बाबा नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. सगळी नोकरी विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकण्यात गेली. माझा थोरला भाऊ दोन वर्षांचा असताना गॅस्ट्रोने गेला, तोही त्यांच्याच हद्दीतल्या साथीत. मी त्यानंतरचा. जंतू हा शब्द काढला की बाबांच्या डोक्यात तिडीक जायची.

जर्मनचं ओ की ठो कळत नसताना दुकानात एका बाटलीवरचा 'क्लोर', म्हणजे आपलं क्लोरीन, हा शब्द त्यांना वाचता आला. "चला, कुणीतरी ओळखीचं भेटलं," असं माझ्या बायकोला म्हणाले म्हणे. मी कामावर गेलो की ते चालत जाऊन बाटली आणायचे आणि सकाळ-संध्याकाळ संडासात, बेसिनमध्ये ओतायचे. घरभर वास असायचा. मी त्याच वासात वाढलेलो, मला तो स्वच्छतेचा वाटला. बाबा आल्यापासून घर कसं लख्ख झालंय, असं मीच कौतुक केलं होतं.

तीन आठवड्यांत टाकी मेली. परसात उभं राहवेना इतकी घाण सुटली, आणि मी पंपाला दोष देत बसलो.

शनिवारी दुपारी दारावर फावडं आदळलं. काच फुटून माझ्या पायांवर आली. दारात घरमालक, लालबुंद, एका हातात फावडं, दुसऱ्यात मेलेला मासा. "मारलीत! माझी सगळी गुरं मारलीत!" असं ओरडून त्याने तो मासा माझ्या तोंडावर हाणला. मी त्याच्या छातीत गुद्दा मारला. त्याने माझा गळा धरला, मी त्याला ढकललं, आणि दोघेही पायऱ्यांवरून खाली गडगडलो. त्याचं डोकं दगडावर आपटलं. कपाळाचं रक्त बाहीला पुसत तो म्हणाला, "पाण्याला क्लोरचा वास येतोय." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी तसाच आत धावलो. बाबा संडासात वाकून बाटली रिकामी करत होते. बाहेर काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता. "घाण सुटलीये रे. जंतू फार वाढलेत. अजून दोन बाटल्या लागतील."

मी बाटली हिसकावली. "बाबा, ते जंतू कामाचे होते! घाण तेच खात होते! दह्यात काय असतं? तुमच्या पोटात काय असतं? ते नसते तर एक घास पचला नसता तुम्हाला!"

"दही आपण खातो," बाबा म्हणाले. "मैल्यातल्या जंतूंनी माझं पोर खाल्लं." आणि त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला.

मी त्यांच्या मुस्काटात मारली.

चष्मा उडून फरशीवर पडला. बायको दारातून "अहो!" एवढंच म्हणाली. बाबांनी वाकून चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

घरमालक पोलिसांत गेला नाही. सोमवारी डोक्याला पट्टी बांधून तो स्वतःच टँकर घेऊन आला. शेजारच्या गावच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातला काळा, जिवंत गाळ आम्ही दोघांनी मिळून टाकीत सोडला. बाबा खिडकीतून बघत होते. काही आठवड्यांत चरातलं पाणी पुन्हा नितळ झालं.

त्याआधी, त्या शनिवारी संध्याकाळीच, मी बाबांचे पाय धरले होते. "असू दे," म्हणाले. बाबा ठरल्याप्रमाणे पूर्ण दोन महिने राहिले. पण त्या दिवसापासून, मी घरी असलो की, संडासात जायच्या आधी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "जाऊ का रे?" विचारायचे. मला आधी वाटलं, टोमणा मारतायत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते मला घाबरत होते.