पाऊस मोजणाऱ्या बाईंचं पान

एका मंगळवारी सकाळी माझे पती गेले. त्या दिवशी त्यांचं एक प्रकरण अर्धं होतं.

ते एका इंग्रजी खेड्याचा इतिहास लिहीत होते. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला येण्याआधी कंपनीने त्यांना दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं. शहरातलं भाडं परवडेना, म्हणून आम्ही त्या खेड्यात राहिलो. एक दगडी पूल, एक चर्च, एक पब आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या. गाव लोकरीवर वाढलं, गिरणी जळाल्यावर ओसरलं. रेल्वे आली आणि निघूनही गेली. एवढाच तर इतिहास, असं मी म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात हे चर्चमागच्या दफनभूमीत गेले, फाटकाशी बूट काढून ठेवले आणि ओल्या गवतातून मोज्यांवर हिंडू लागले. खाली माणसं निजलेली, त्यांच्यावरून बूट घालून कसं चालायचं, असं त्यांचं म्हणणं. फुलं बदलायला आलेल्या एक बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बूट चावतात का तुम्हाला?"

कारण ऐकून त्या हसल्या नाहीत. कुठल्या दगडाखाली कोण, ते सांगत बरोबर चालल्या. स्वतःचे बूट मात्र काढले नाहीत. घरी आम्ही त्यांना काकू म्हणू लागलो. पुढे गावाने पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा आम्ही अमेरिकेत होतो. तरी काकूंनी ते काम ह्यांच्याच गळ्यात घातलं.

शेवटचं प्रकरण गावातल्या नावाजलेल्या माणसांचं. शेवाळं गोळा करणारा पाद्री लिहून झाला होता, घंटा ओतणारे दोघे भाऊ झाले होते. शाळेच्या बाईंपाशी लिखाण थांबलं होतं. या बाई रोज सकाळी पाऊस मोजून त्याची नोंद हवामान खात्याला कळवत. वाक्य 'आणि त्या' इथे तुटलेलं. पुढे कर्सर लुकलुकायचा आणि मी लॅपटॉप मिटायचे.

मुलगी म्हणाली, "आई, पुरं करायला नाही जमत तर गावाला नाही म्हण ना. दे'ल अंडरस्टँड."

समजून घेतलं असतं त्यांनी. पण मग बाई पुस्तकातून वगळल्या गेल्या असत्या. त्यांना जवळून पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, त्यांच्या विद्यार्थिनी असलेल्या काकू. मी फोन लावला.

"पाद्र्याला तुझ्या नवऱ्याने अडीच पानं दिलीत," काकू म्हणाल्या. "त्या माणसाची लायकी अर्ध्या पानाची. काप त्याला."

"काकू, माझं इंग्रजी ह्यांच्यासारखं नाही."

"गावात कुणाचंच नव्हतं. तू बाईंचं विचार. मी काही कायमची नाही."

मी विचारत गेले. पर्जन्यमापक मुळात बाईंच्या भावाचा. तो लढाईत मारला गेल्याची तार आली आणि दुसऱ्या सकाळी बाई स्वतः अंगणात जाऊन माप घेऊन आल्या.

"रडल्या असतील," मी म्हटलं.

"असतील. मी नव्हते तिथे. शाळेत मात्र वर्गात शिरताच विचारायच्या, 'आज किती?' कोरडा दिवस असला की आम्ही ओरडायचो, 'शून्य!' तेही लिहायच्या. एकदा मी म्हटलं, शून्य कशाला लिहायचं? तर म्हणाल्या, नाही लिहिलं तर लोकांना वाटेल, आज कुणी बघायलाच गेलं नाही."

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला. 'आणि त्या' हे शब्द तसेच ठेवले आणि पुढे लिहू लागले. एका दिवसाला दोन-तीन वाक्यं व्हायची. काही मी खोडली, काही काकूंनी. बाहेर तळ्यावरचं बर्फ सुटलं, बदकं परतली. पान पुरं झालं तसं काकूंनी मला गिरणीतल्या बायकांबद्दल सांगायला सुरुवात केली.

पुस्तक आता छापून आलं आहे. शाळेच्या बाईंचं त्यात एक पान आहे. त्याचा वरचा भाग ह्यांनी लिहिला आहे आणि खालचा मी.