लिंबाजीची मोठी मशीन

लिंबाजी कधी रस्त्याकडे पाठ करून बसला नाही. गंगाखेडच्या तहसील कचेरीबाहेर माझं चहाचं हॉटेल होतं आणि त्याच्या बाजूला त्याचं टाइपिंगचं टेबल. बाकीचे तीन टाइपिंगवाले सावली बघून टेबल फिरवायचे. लिंबाजी उन्हात बसायचा, पण कचेरीची भिंत पाठीशी ठेवून. लांबून तीन-चार मोटारसायकली एकदम आल्याचा आवाज झाला की त्याची बोटं थांबायची. गाड्या पुढे निघून गेल्या की पुन्हा खडखड सुरू. समोर बसलेल्या माणसाला वाटायचं, साहेब शब्द शोधायलेत.

मी एकदा म्हटलं, डोकं तापेल, टेबल फिरव. तो म्हणाला, "ऊन परवडतं, आक्का."

त्याचं गाव डोंगराकडे, एसटीने तासभर. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा त्या गावातली बौद्धांची घरं जाळली होती. त्याची बायको गयाबाई कडेवर मुलगी आणि खांद्यावर एक वाकळ घेऊन ज्वारीत पळाली. पत्र्याची पेटी राहिली. पेटीत त्याचं मॅट्रिकचं आणि टाइपिंगचं प्रमाणपत्र होतं. कचेरीबाहेर बसून त्याने टाइप केलेला पहिला अर्ज स्वतःचाच, जळालेल्या प्रमाणपत्रांच्या बदली दुसरी मिळावीत म्हणून. मूळ प्रमाणपत्राची नक्कल जोडा, असा शेरा मारून तो परत आला. हे तो हसत सांगायचा. मला त्यात हसण्यासारखं कधी दिसलं नाही.

त्याचा कप वेगळा होता. हॉटेलच्या बाहेर खिळ्याला अडकवलेला असायचा. तो मीच अडकवला होता. सासूने सांगितलं, जुनी रीत होती, असं म्हणता येईल; पण सासू मरून कितीतरी वर्षं झाली होती. चहा पिऊन तो कप स्वतः धुवायचा आणि परत अडकवायचा. मी त्याला अरे म्हणायची, तो मला तुमी म्हणायचा. वयाने तो माझ्याहून दोनच वर्षं लहान होता.

अर्ज लिहिण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. माणूस येऊन बसला की आधी आपलं रडगाणं सांगायचा. लिंबाजी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "अर्जात रडायचं न्हाई. कोणत्या वारी झालं, किती वाजले होते, जवळ कोण होतं, ते सांगा. रडणं साहेबाला वाचता येत न्हाई." मग टाइप करायचा आणि पूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचल्याशिवाय अंगठा घेत नसे. माणसाची शेवटची एसटी चुकत असली तरी वाचून दाखवायचाच. त्यावरून गिऱ्हाइकं त्याला शिव्याही द्यायची.

तेव्हा अर्ज पाच प्रतींत लागायचा. कागद, कार्बन, कागद, कार्बन, अशी चळत मशीनमध्ये घालायची. वरची स्वच्छ प्रत साहेबाला. मग एक तलाठ्याला, एक विरुद्ध पार्टीला, एक दप्तराला. सगळ्यात खालची, सगळ्यात फिकी, ज्याचा अर्ज त्याला. तिच्यावर पोच म्हणून कचेरीचा शिक्का मारून द्यायचे. ही रीतच होती, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पुढे साहेब बदलायचे, फाईल सापडायची नाही, आणि त्या माणसाकडे तेवढा एकच कागद उरायचा. त्यावर शिक्का दिसायचा, अक्षर दिसायचं नाही. लिंबाजीला या गोष्टीचा राग होता. दुसऱ्या कशाचा राग मी त्याच्या तोंडून ऐकला नाही, पण याचा ऐकला.

त्याची मशीन स्वतःची नव्हती. एका वकिलाची होती, भाड्याने घेतलेली; रात्री ती वकिलाच्याच घरी राहायची. एका साली वकील परभणीला राहायला निघाला आणि दसऱ्यानंतर मशीन परत पाहिजे म्हणाला. लिंबाजीजवळ महिना होता. परभणीच्या एका दुकानात दोन मराठी मशिनी होत्या. एक लहान, कड्या लावायच्या पेटीतली, हातात धरून एसटीत बसता येईल अशी. दुसरी कचेरीत असते तसली मोठी, लांब रुळाची, दोन माणसांनी उचलायची. दोन्हींपैकी एकच घेणं होणार होतं.

त्या महिन्यात तो वाळला. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. अर्जासाठी येणाऱ्या माणसालाही विचारायचा, तुमी असता तर कोणती घेतली असती. कचेरीचा शिपाई म्हणाला, लहान घे, बाजाराच्या दिवशी राणीसावरगावला जाऊन बसता येईल, गिऱ्हाईक वाढेल. शेजारचा टाइपिंगवाला म्हणाला, लहानीचे हात-पाय दोन वर्षांत ढिले होतात, मग बस बोंबलत. दोघांचं ऐकून तो माझ्याकडे यायचा. मी म्हणायची, मला काय कळतं, मी चौथी शिकलेली.

हे ऐकून त्याने एक काम केलं. परभणीला जाऊन दोन्ही मशिनींवर एकच अर्ज पाच-पाच प्रतींत टाइप करून आणला आणि दोन्हींच्या पाचव्या प्रती माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाला, वाचा. लहान मशिनीच्या कागदावर मुंग्या चालून गेल्यासारखं काहीतरी होतं. दुसरा कागद मी हळूहळू सगळा वाचला.

"चौथी शिकलेल्या बाईला वाचता आलं म्हणजे नव्या साहेबालाही येईल," तो म्हणाला. त्या महिन्यात तो हसला असेल तर तेवढाच.

चार दिवसांनी गयाबाई एसटीने आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. काटक, काळी, डोक्यावरचा पदर न हलवता बोलणारी. ती नवऱ्याशी भांडायला आली नव्हती. त्याच्या टेबलाजवळ उकिडवी बसली आणि तेच तेच हळू आवाजात सांगत राहिली. गावात पुन्हा कुजबुज हाय. नामांतर होणार म्हणायलेत. झालं तरी आपल्यावर, न्हाई झालं तरी आपल्यावर.

"उचलून पळता येईल तेवढंच आपलं," ती म्हणाली. "पेटी उचलली असती तर तुमचे कागद ऱ्हायले असते. ही तर पेटीच्या चौपट."

लिंबाजी म्हणाला, लहानीची खालची प्रत दिसत नाही. गयाबाई म्हणाली, न दिसू द्या, बाकीच्यांची कुठं दिसायली. त्याने मशिनीतला कागद काढला आणि तोच पुन्हा घातला, हे मी हॉटेलातून बघितलं.

मग मी तोंड घातलं. म्हटलं, मोठीच घे. माझ्या आतल्या खोलीत ठेवत जा. गावाकडे न्यायचीच नाही, मग भ्यायचं काय. मी विचार करून बोलले नव्हते. रोजचं रडं मिटावं एवढंच मनात होतं.

गयाबाईने माझ्याकडे बघितलं, मग खिळ्याकडे. "कपाला आत जागा न्हाई," ती म्हणाली, "मशीनला हाय का?"

मी चहा गाळायला वळले.

लिंबाजीने मोठी घेतली. एसटीच्या टपावर दोरीने बांधून आणली. रोज सकाळी तो आणि शिपाई ती आतल्या खोलीतून बाहेर आणून ठेवायचे, संध्याकाळी परत आत. गिऱ्हाईक वाढलं. लोक खालची प्रत उजेडाकडे धरून वाचायचे आणि घडी करून टोपीत ठेवायचे. लिंबाजी जेवायला लागला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला वाटलं, झालं नीट.

मग पुन्हा बातम्या यायला लागल्या. कुठे एसटीवर दगड पडले, कुठे नुसतीच अफवा. बाजाराच्या दिवशी दुपारी माझा दीर मारुती आला. नवरा गेल्यापासून हॉटेलची जागा माझ्या आणि त्याच्या दोघांच्या नावावर होती. तो चहाही न घेता म्हणाला, "वहिनी, उद्यापासून बंद हाय. त्याची मशीन आजच बाहेर काढा."

मी म्हटलं, लोखंड आहे, पडून राहील. तो म्हणाला, "लोकं इचारणार, ह्याचं सामान तुमच्या घरात कसं. हॉटेल पेटवलं तर खाणार काय?"

मी दिरावर ढकलून मोकळी होऊ शकते. पण तो निघून गेल्यावर तासभर मी एकटीच होते आणि त्या तासात मीच ठरवलं. मी भ्याले. बाहेर जाऊन लिंबाजीला म्हटलं, मशीन ने.

"कधीपर्यंत?"

"आजच."

समोर एक म्हातारा बसला होता. त्याचा अर्ज लिंबाजीने पूर्ण केला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. मग उठून भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. गयाबाई बाजाराला आलेली होती. तिने एका बाजूने मशीन धरली, त्याने दुसऱ्या बाजूने. तिने मशिनीवर पोतं टाकलं आणि दोरी आवळली. गाडी स्टँडकडे गेली तेव्हा मी दारात उभी होते आणि माझ्या हातात फडकं होतं, एवढं आठवतं.

तीन दिवस सगळं बंद होतं. एसटी बंद, बाजार बंद. डोंगराकडून बातमी आणणारं कोणी नाही. मी दार लावून आत बसले. आतल्या खोलीत मशीन होती तिथे फरशीवर चौकोन उमटला होता, बाकी धूळ. मी तो दोनदा पुसला. ज्याच्या-त्याच्या तोंडी वेगळं गाव पेटलेलं होतं. मी कोणाला लिंबाजीच्या गावाचं नाव घेऊन विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती.

चौथ्या दिवशी एसटी सुरू झाली. हॉटेल उघडायचं सोडून मी स्टँडवर गेले. डोंगराकडची पहिली गाडी आली, त्यात तो नव्हता. दुसरी आली, तीत त्यांच्या गावचा माणूसच नव्हता. तिसऱ्या गाडीच्या टपावर पोत्यात गुंडाळलेली मशीन दिसली तेव्हा मी खाली दगडावर बसले.

सगळं गयाबाईने सांगितलं. वस्तीतली बाकीची माणसं पहिल्याच दिवशी नातेवाइकांकडे निघून गेली. मुलीला त्यांच्याबरोबर लावून दिलं. मी विचारलं, तू का गेली नाहीस.

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "मशीन सोडून हे येईनात. आन् मी ह्यांना सोडून."

ओस वस्तीत दोघं तीन दिवस चूल न पेटवता बसून होते, धूर दिसू नये म्हणून. कोणी आलं नाही. पण कोणी येणार नाही हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, मशीन परत आत ठेव. "नगं, आक्का," लिंबाजी म्हणाला. कोपऱ्यावरच्या टेलरने त्याला दुकानात जागा दिली. कप मी त्याच आठवड्यात आत आणला आणि बाकीच्या कपांत मिसळला. पण तोवर तो चहा टेलरकडेच प्यायला लागला होता. टेबल मात्र त्याच जागी राहिलं. बोलणंही पूर्वीसारखंच. मी त्याला अहो म्हणून बघितलं, तर तो म्हणाला, आक्का, आता ह्या वयात नवीन सवय लावू नका.

पुढे चौऱ्याण्णव साली नामांतर झालं. त्या उन्हाळ्यात मुलीला परभणीला नोकरी लागली आणि ते दोघं तिच्याकडे निघाले. दोनेक वर्षांनी तो तिकडेच वारला. मला महिनाभराने कळलं.

जायच्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. आत बसला, चहा प्यायला. मी आडवळणाने बोलणारी बाई नाही. सरळ विचारलं, त्या दिवशी मशीन काढायला लावली त्याचा राग आहे का?

त्याने अर्जाचं ऐकून घ्यायचा तसं ऐकून घेतलं.

"तुमी आदी सांगितलं, आक्का," तो म्हणाला. "आमाला आदी कोणी सांगत नसतं."

लिंबाजी कोणाचं मन राखायला खोटं बोलणारा माणूस नव्हता. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.