स्टिअरिंगवरचे हात

सिनेमातल्या माणसांपेक्षा मला सिनेमातल्या गाड्या जास्त लक्षात राहायच्या. नायक कुणावर रुसला, नायिका शेवटी कुणाच्या घरी गेली, हे मी थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरलेलो असायचो. पण गिअर स्टिअरिंगला होता की खाली, घाट चढताना इंजिन कुठं कण्हलं, हे आज विचारलं तरी सांगेन.

भिंगारच्या बाजाराच्या टोकाला आमचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, खाली उतरायला एक खड्डा आणि बाहेर चिंचेचं झाड, एवढंच. वडील गेल्यावर ते मी आणि माझा धाकटा भाऊ दोघं चालवायचो. मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. काम त्याला मी शिकवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळात मी ते प्रत्येकालाच मुद्दाम सांगत असे.

सिनेमातली एक गाडी माझी फार लाडकी होती. लांबलचक, छत मागं दुमडता येणारी, अमेरिकन. ती मी चार सिनेमांत पाहिली. पहिल्यात लाल होती, मग पांढरी, मग पिवळी, मग हिरवी. लोकांना वाटायचं गाड्या वेगळ्या आहेत. मला ठाऊक होतं की गाडी एकच आहे, कारण मागच्या बंपरच्या उजव्या टोकाला बोटभर पोचा होता. रंग बदलायचा, पोचा तसाच. मी अंधारात भावाला कोपरानं ढोसून दाखवायचो.

"बघ, तोच पोचा!"

"मला न्हाई बा दिसत," तो म्हणायचा. तो गाण्यांसाठी यायचा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात पुणतांब्याहून सासऱ्यांचा निरोप आला. नदीवरचं त्यांचं ऑइल इंजिन बंद पडलं होतं आणि ऊस वाळायला लागला होता. बायकोला घेऊन मी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, पंप पाणी फेकायला लागला. जावयाला लगेच कोण सोडतंय! तीन दिवस राहिलो. बायको पुढं आठवडाभर माहेरी थांबली आणि मी एकटा परतलो.

घरी आलो तर शेडला कुलूप. आई दारातच बसली होती.

"अरे, सिनेमावाले आलते," ती म्हणाली. "औरंगाबादकडं निघालते. त्यांची गाडी तापून बंद पडली. ट्रकनं वढत आणली आपल्याकडं."

 

"कसली गाडी?" मी विचारलं.

"लांब. निळी. वरनं उघडी. समदं भिंगार बघायला लोटलं हुतं. धाकट्यानं नीट केली बघ दोन तासांत. मग त्यांनी त्यालाच संगं नेलं. घाटात शूटिंग हाय म्हनं, परत बंद पडली तर माणूस पाहिजे."

मी कुलूप काढून आत गेलो. फळीवर कॉर्कचा तुकडा पडला होता आणि त्यातून वॉटर पंपाचं पॅकिंग कापून घेतलेलं होतं. कड स्वच्छ होती, कुठंही तुटलेली नाही. आधी कागदावर छाप घ्यायची, मग पात्याचं टोक फिरवायचं, मी शिकवलं होतं तसंच. मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. काम चांगलं झालं होतं. ते चांगलं झालं होतं याचाच मला राग येत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढली आणि इमामपूरच्या घाटाकडं निघालो. आईला सांगितलं, एका गिऱ्हाईकाकडं जातोय. चढावर सायकल हातात धरून चालत गेलो. वळणावर माणसांची गर्दी, रुपेरी कागद लावलेले मोठे तक्ते, दोरखंड. आणि मधोमध ती. मला आधी भाऊ दिसलाच नाही, आधी पोचा दिसला. उजव्या टोकाला, बोटभर. निळ्या रंगाखालीही तसाच.

मग वर पाहिलं. स्टिअरिंगवर माझा भाऊ बसला होता. अंगात नायकाचा पांढरा कोट, गळ्यात रुमाल.

झालं होतं असं की, नायकाला ती गाडी आवरत नव्हती. स्टिअरिंग डाव्या बाजूला, गिअर स्टिअरिंगलाच आणि तो टाकायचा उजव्या हातानं. घाटात त्यानं दोनदा गाडी कठड्याजवळ नेली म्हणे. मग त्यांच्या मॅनेजरनं भावाला विचारलं, तुला येते का? भावानं कॅम्पातल्या जुन्या लष्करी गाड्या चालवलेल्या, तो हो म्हणाला. चेहरा दिसायचा तेव्हा नायक बसायचा. गाडी पळायची तेव्हा भाऊ. आणि मागच्या सीटवर कॅमेरेवाला बसून भावाचे हात टिपायचा.

त्या दोरखंडाबाहेर उभा राहून मी चार फेऱ्या पाहिल्या. प्रत्येक वळणाला माझा उजवा हात आपोआप गिअर टाकत होता. एका वळणावर त्यानं गिअर उशिरा टाकला. मला कळलं. तिथं दुसऱ्या कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

पाचव्या फेरीनंतर त्यानं मला पाहिलं आणि गाडीतून हात वर केला.

"दादा! ये की! बस हितं शेजारी. मी साहेबान्ला विचारतो, एक फेरी मारू."

मॅनेजर हसून "येऊ द्या" म्हणाला. दोरी कुणीतरी वर उचलून धरली. मला फक्त वाकून आत जायचं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "गॅरेज कुनी बघायचं? दोघंबी हितंच बसू का?"

त्याचा हात तसाच वर राहिला. मी सायकल वळवली. उतारावर पायडल मारावं लागत नव्हतं, त्यामुळं करायला काही काम नव्हतं आणि सगळा रस्ताभर मी स्वतःशीच बोलत होतो. ती गाडी चार सिनेमे मी ओळखली. ती माझ्या दारात आली तेव्हा मी सासऱ्याच्या इंजिनात कोपरापर्यंत काळा झालेलो. आणि ज्याला पोचासुद्धा दिसत नव्हता, तो तिच्यात बसला.

दोन दिवसांनी तो घरी आला. आईनं ताट वाढलं. तो सांगत होता, आई ऐकत होती. मी जेवताना एवढंच विचारलं, "इंजिनात टॅपेटचा आवाज येत हुता का?"

"काय की. ध्यान न्हाई दिलं," तो म्हणाला.

त्या उत्तरासाठी मी त्याला कित्येक महिने माफ केलं नाही.

वर्षभरानं सिनेमा नगरला लागला. तेव्हा दुष्काळ पडला होता, टँकर आणि ट्रकची कामं रोजची होती, तरी आमची अख्खी गल्ली गेली. आई जन्मात दुसऱ्यांदा थिएटरात आली होती. मधल्या गाण्यात गाडी घाटात शिरली आणि एकदम पडदाभर दोन हात आले. दरवाजाएवढे हात. डाव्या अंगठ्याचं नख काळं. आई उभी राहून ओरडली, "माझ्या लेकाचे हात हायेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. भाऊ लाजून खाली वाकला. बायको माझ्याकडं पाहत होती. मी पान खायला म्हणून बाहेर आलो आणि सिनेमा संपेपर्यंत आत गेलो नाही.

तोच सिनेमा पुढं फिरत्या तंबू-टॉकीजबरोबर पुणतांब्याला पोचला. आम्ही तेव्हा जत्रेसाठी तिकडं गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांसोबत चहाच्या हॉटेलात बसलो असताना शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, तुमी भिंगारचं ना? गाडी तुमच्या गॅरेजातल्या माणसानं चालवली म्हनत्यात. खरं का?"

"व्हय," मी म्हणालो.

"कुनी? तुमीच का काय?"

आता यात अडखळण्यासारखं काही नव्हतं. धाकट्या भावानं, एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "व्हय. मीच."

हॉटेलातली चारदोन माणसं वळली. म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. सासरे सरळ होऊन बसले. मालकानं न सांगता दुसरा चहा पाठवला. मग मी घाट सांगितला, डाव्या बाजूचं स्टिअरिंग सांगितलं, वळणावरचा गिअर सांगितला आणि तो वेळेवर टाकला असंही सांगितलं. खोटं बोलतोय असं वाटतच नव्हतं. इतक्या वेळा मी ती गाडी मनात चालवली होती.

हॉटेलातली गोष्ट बायकोला बापाकडनं कळली होती; भिंगारला परतल्यावर तिनं भांडी आपटली. "माझ्या माहेरात जाऊन खोटं बोललात. आता मी बापाला काय तोंड दाखवू?" 

महिन्याभरानं ते इंजिन पुन्हा रुसलं. या वेळी क्रँक बाहेर काढायचा होता, एकट्याचं काम नव्हतं. भाऊ सोबत आला. त्याला येऊ नको म्हणायला कारण सुचलं नाही. नदीवर आम्ही काम करत होतो, तेवढ्यात तोच म्हातारा बांधावरून आला आणि भावाला म्हणाला, "तुझा भाऊ लई वस्ताद हाय बरं. सिनेमात गाडी हानली त्यानं! तू हुता का तवा?"

मी पान्यावर झुकलेली मान वर केली नाही. 

"हुतो की," भाऊ म्हणाला. "दादानं गाडी हानली. मी नुसतं पानी वतत हुतो."

म्हातारा खूश होऊन गेला. मी विचारलं, "का म्हनलास तसं?"

"तूच म्हनला असशील आधी. मग मी काय तुला खोटं पाडू का, तुज्या सासुरवाडीत?" आणि तो पुन्हा नट सोडवायला लागला.

मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी जे वाटलं ते सांगतो. मला वाटलं, हेही याच्याकडंच असावं का? गाडी मिळाली, टाळ्या मिळाल्या, आणि वर एवढं मोठं मनही यालाच मिळालं. माझ्याकडं पोच्याची ओळख तेवढी राहिली.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांना गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. ते बैलापुढं वैरण टाकत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "पन मी लोकान्ला सांगनार न्हाई. जिथं बोललात तिथंच जाऊन सांगा."

सकाळी मी हॉटेलात जाऊन सांगितलं. दोघं-तिघं हसले. म्हातारा म्हणाला, "मग त्या पोरानं कशापायी खोटं सांगितलं मला?" मी चहाचे पैसे मोजून ठेवले. मग त्यानं आपल्या विहिरीवरच्या इंजिनाला धूर का येतो ते विचारलं.

परतीच्या गाडीत भावाला हे सांगितलं. मला वाटलं, तो हसेल किंवा पाठीवर हात टाकेल. तो भडकला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर भडकला.

"मला इचारायचं तरी! तू मोकळा झालास आन मी लबाड ठरलो त्या गावात. मी कुनासाठी बोललो हुतो?"

माझ्याकडं पाठ करून तो खिडकीबाहेर बघत बसला. नगर येईपर्यंत बोलला नाही. पुढचे आठ दिवस बोलला नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढायची. शेडमध्ये एकाच गाडीखाली आम्ही दोन बाजूंनी काम करायचो आणि हत्यारं स्वतः उठून घ्यायचो.

विचित्र वाटेल, पण त्या आठ दिवसांत मला त्याचा हेवा वाटला नाही. तो चिडलेला होता, हट्टाला पेटला होता, चहा गार होऊ देत होता, अगदी मी करायचो तसं. पुढं हेवा पुन्हा आला, कारणं मिळत गेली आणि तो येत राहिला. पण तेवढे दिवस तो नव्हता.

नवव्या दिवशी तो एका टेम्पोखाली खड्ड्यात उतरला होता. खालून हात वर आला.

"तेरा-चवदाचा पाना दे," तो म्हणाला.

मी दिला.