फ्रेममध्ये नसलेली पावलं

कल्पना करा, तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत उभे आहात. समोर पडदा आहे. पडद्यावर एक माणूस चालतोय, पण त्याच्या चालण्याला आवाज नाही. तुमच्या पुढ्यात फरशीचा एक तुकडा, एक लाकडी फळी आणि वाळूने भरलेला ट्रे. पायात कुणाचे तरी जुने बूट, एक नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. आता त्या माणसाबरोबर चाला. जागच्या जागी. त्याचा पाय टेकेल त्याच क्षणी तुमचा टेकला पाहिजे, आणि त्याचे पाय तर बऱ्याचदा पडद्यावर नसतातच. मग खांद्यांकडे बघा. खांदे कधी खोटं बोलत नाहीत.

जमलं का? नसेल जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. मावशीलाही सुरुवातीला बरेच दिवस जमलं नव्हतं.

मावशी म्हणजे स्टुडिओतल्या सगळ्यांची मावशी. खरी मावशी ती एकाच मुलीची, ताईच्या लेकीची. सिनेमातली पावलं, कपड्यांची सळसळ, कपबशी ठेवल्याचा किंवा दार लोटल्याचा आवाज तयार करणं हे तिचं काम. स्टुडिओत याला फॉली म्हणतात. तिच्या खोलीत भिंतभर मांडणी होती आणि मांडणीवर चपला, बूट, सँडल, एक कुबडी, घोड्याच्या टापा म्हणून वापरायचे नारळाच्या करवंटीचे दोन तुकडे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसे. तो माइकवरून म्हणे, "मावशी, पावलं छान. पण मागे काहीतरी कडकड वाजतंय."

"माझा गुडघा आहे तो."

"हिरो तिशीतला आहे हो. गुडघा काढा."

"डॉक्टर पण तेच म्हणाले," मावशी म्हणे आणि पुन्हा चालायला लागे.

गंमत अशी, की ही बाई घरी टीव्ही बघू शकत नसे. अगदी लहानपणापासून. मालिकेत कुणाचं खोटं उघडं पडायला आलं, किंवा एखादा भला माणूस चारचौघांत आपल्या पायाने फजितीकडे निघाला, की तिच्या मानेवर गरम वाफ आल्यासारखं होई, पोटात खड्डा पडे, आणि ती उठून स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राही. घरात त्याचा रिवाजच पडून गेला होता. प्रसंग संपला, की बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, "झालं गं, ये." भाऊ लबाड. तो नेमका ऐन रंगात हाक मारी आणि तिचा चेहरा बघून लोळून हसे. ताईने मात्र कधी फसवलं नाही. ताईची हाक आली, की निर्धास्त बाहेर यावं.

चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी या सगळ्याला, आणि आणखी बऱ्याच गोष्टींना, ऑटिझम हे नाव दिलं. मराठीत स्वमग्नता म्हणतात, असंही सांगितलं. घरी आल्यावर मावशी ताईला म्हणाली, "स्वमग्न कसली? मला दुसऱ्यांपासून सुटका नाही."

पण फॉलीच्या खोलीत तिला कधी पळावं लागलं नाही. तिथे तेच प्रसंग पुन्हा पुन्हा लागत. कुणी भर सभेत घसरे, कुणी चुकीच्या घरात शिरे, कुणी नको त्या माणसापुढे प्रेम व्यक्त करून बसे. मावशी त्या प्रत्येकाचे बूट पायात घाली आणि चालू लागे. दोन-चार पावलांत खोलीच्या भिंती विरघळून जात. फळीची लांबच लांब गॅलरी होई, ट्रेमधली वाळू एखाद्या नदीकाठापर्यंत पसरे, आणि पडद्यावरचा माणूस तिच्या इतका जवळ येई, की त्याचा श्वास आणि तिचा श्वास वेगळा काढता येऊ नये. त्याची फजिती तिथेही होतच असे. पण ती लांबून बघावी लागत नसे. ती त्याच्याबरोबर असे. अंगावर आलेली लाज पावलापावलाने तळव्यांतून फळीत उतरून जाई. टेक संपला, की मावशी बूट काढून मांडणीवर ठेवी, टाचा जुळवून, झोपलेल्या लेकरांसारखे.

भाचीने पहिला सिनेमा केला, तेव्हा फॉलीसाठी दुसरं कुणी बघायचा प्रश्नच नव्हता. सिनेमा छोटा. त्यात एका कचेरीतल्या निरोपसमारंभाचा प्रसंग होता. एक साधासा कारकून काही सांगायला मंचावर जातो. तेवढ्यात सभागृहात टाळ्या सुरू होतात. त्या आपल्यालाच आहेत असं वाटून तो वाकून नमस्कार करतो, एकदा, मग आणखी एकदा. टाळ्या असतात त्याच्या मागून येणाऱ्या साहेबांना. मग त्या माणसाला सगळं सभागृह ओलांडून दारापर्यंत जायचं असतं. कुणी हाक मारत नाही, कुणी जवळ बसवत नाही.

"डाव्या बुटाची कुरकुर हवी मला," भाची म्हणाली. "दारापर्यंत. लोक आधी हसले पाहिजेत, मग त्यांचं हसू आपोआप बंद पडलं पाहिजे."

मावशीने एक चामडी बूट पाण्याने भिजवला, घट्ट पिळला, आणि तो पायात घालून ती चालली. कुरकुर अशी उतरली, की रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे खुर्चीतच आक्रसला. सगळे चहाला गेल्यावर मावशी त्याला म्हणाली, "एक ट्रॅक अजून घे." तिने पायात मऊ चपला घातल्या आणि तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

आवाजांची शेवटची जुळणी चालू होती, तेव्हा भाचीने हात वर करून सगळं थांबवलं.

"मावशी, याच्या मागे कोण चालतंय?"

"मी."

"फ्रेममध्ये कुणी नाहीये."

"म्हणून तर."

रेकॉर्डिस्टने लगेच चष्मा पुसायला घेतला. भाचीने तो तुकडा परत ऐकला. कुरकुरणाऱ्या बुटामागून मऊ चपलांचा आवाज येत होता, न घाई करता, न मागे पडता.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण काढावा लागेल. तो एकटा असला पाहिजे गं. तू त्याला सोबत दिलीस तर माझा सिनेमाच कोसळतो."

मावशीने विचार केला. भाचीचं म्हणणं बरोबर होतं आणि बरोबर गोष्टीशी मावशी वाद घालत नसे. "काढ," ती म्हणाली. "पण मग मी बघायला येणार नाही."

भाची एकदम लहान झाल्यासारखी दिसली. "शाळेतल्या माझ्या नाटकाला तू पाण्याच्या टाकीपाशी उभी होतीस. बक्षीस समारंभाला जिन्यात. माझं एक काहीतरी शेवटपर्यंत बघ ना, मावशी. दारामागून नाही. बसून."

मावशीला हे ठाऊक नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी उभं असलेलं आपण कुणाला दिसतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"दाराजवळची खुर्ची दे," ती अखेर म्हणाली.

"दाराजवळची दिली की तू सटकणार. मधली."

सिनेमा दुपारी दाखवला, छोट्याशा थिएटरात. मावशी मधल्या रांगेत, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला भाची. रेकॉर्डिस्ट मागे. दिवे मालवले. प्रकाशाच्या पट्ट्यात धूळ सावकाश तरंगत होती, पाण्याखाली असावी तशी. मावशीला वाटलं, आपण तळाशी बसलो आहोत आणि वरून दुसऱ्याच कुणाचं आयुष्य वाहत चाललंय.

मग टाळ्या सुरू झाल्या. पडद्यावरचा माणूस वाकला. मावशीच्या मानेवर वाफ आली. तो दुसऱ्यांदा वाकला. थिएटरात हशा पिकला. मावशीने डोळे मिटले, पण कुरकुर तिनेच केलेली, ती कानांत शिरायची थोडीच थांबणार? ताईच्या पलीकडे अख्खी रांग गुडघे जुळवून बसली होती. जायला वाट नव्हती. तिने ताईकडे पाहिलं. ताईने हळूच नकारार्थी मान हलवली. अजून झालं नव्हतं.

आणि मग मावशीचे पाय हलले.

खुर्चीखाली उघडी फरशी होती. टप. टप. तिने डोळे उघडले आणि त्याच्या खांद्यांकडे बघत, बसल्या जागी, ती त्याच्या मागोमाग निघाली. थिएटरातलं हसू एव्हाना विरलं होतं, त्यामुळे तिच्या चपला स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वळून पाहिलं. मग त्यांच्या बायकोने. ताई पुटपुटली, "अगं, लोक बघतायत." मावशीला ते ऐकू आलं, पण मधेच त्याला टाकून कसं यायचं? रिकाम्या खुर्च्या, कागदी पेले, साहेबांच्या गळ्यातला हार, सगळं बाजूने मागे सरकत गेलं. मानेवरची वाफ ओसरली. तो दारापाशी पोचला. मावशीही पोचली. दार मिटलं आणि तिचे पाय थांबले.

सिनेमा संपल्यावर तिघी बाहेर पायऱ्यांवर बसल्या. ऊन पिवळं, मऊ झालं होतं. रेकॉर्डिस्ट चहा घेऊन आला. "एकही पाऊल चुकलं नाही हो, मावशी," एवढंच बोलून तो आत गेला.

"येशील असं वाटलं होतं," भाची म्हणाली. "चालशील असं नव्हतं वाटलं."

"लोकांनी बघितलं का?"

"सगळ्यांनी."

मावशीने चहाचा घोट घेतला. तिचा चेहरा उजळला होता. नवीन बूट हाती लागल्यावर उजळतो तसा.

"तुला लाज वाटली का? माझी?"

ताईने डोळ्यांनी भाचीला दटावलं. पण भाचीला माहीत होतं, मावशीला खोटं बोललेलं चालत नाही.

"वाटली. थोडी."

"कुठे? मानेवर का पोटात?"

"मानेवर," भाची म्हणाली. हात नकळत तिथे गेला. "गरम झालं एकदम. मी खालीच बघत बसले."

मावशी जवळ सरकली. एवढी वर्षं ती दाराच्या एका बाजूला होती आणि बाकीचे सगळे दुसऱ्या. तिकडे कसं असतं हे सांगणारं कुणीतरी आज पहिल्यांदा तिच्या शेजारी बसलं होतं. रस्त्यावरून माणसं आपापल्या पावलांनी घरी निघाली होती. त्यांतलं एकही पाऊल तिला त्या क्षणी ऐकू आलं नाही.

"मग तू उठून कशी नाही गेलीस?" तिने विचारलं.