कप्तानाची कॉलर

माझी बायको डाव्या कोपऱ्यावर खेळायची. ज्यांना कबड्डी कळते त्यांना एवढं पुरे. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरची चढाईला आली की कोपऱ्यावरचीनं तिचा घोटा धरायचा आणि बाकीच्या येऊन अंगावर पडेपर्यंत काही झालं तरी सोडायचा नाही. तोंडावर लाथ बसते, कोपरं सोलून निघतात. आमच्या वस्तीच्या मंडळात तिच्यासारखी पकड कोणाची नव्हती. मंडळाची कप्तानही तीच, आणि आज मंडळाच्याच मैदानावर पोरींना शिकवतेही तीच. तुम्ही म्हणाल, आपला तो बाब्या. म्हणा, खुशाल म्हणा!

तिला पाहायला आम्ही पारशिवनीकडे गेलो होतो. ती पोहे घेऊन आली आणि प्लेट ठेवता ठेवताच म्हणाली, "मी कबड्डी खेळते. लग्नानंतरही खेळीन. पटत असन तर पोहे खा." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पोहे खाल्ले आणि वरून आणखी मागून घेतले.

आईला मात्र ते पोहे कधी पचले नाहीत. आमचं घर हातमागाचं. मी कळमेश्वरच्या कारखान्यात लागलो, पण आईचा जन्म मागाच्या कांड्या भरण्यातच गेला. सून हाफपँट घालून मैदानात उतरते हे चारचौघींत सांगायची तिला भारी लाज. शेजारणीनं विचारलं, "सून कुठी गेली वं?" की आई म्हणायची, "बाजारात गेली." बाजारात गेलेली सून संध्याकाळी गुडघे फोडून, मातीनं माखून परत यायची. हातात साधी कोथिंबिरीची काडी नाही. शेजारणी काय आंधळ्या होत्या? पण आईनं आपला हेका सोडला नाही.

बायकोत खोट एकच, तिचं तोंड. मैदानात तिचा आवाज पार मेन रोडपर्यंत जायचा. समोरच्यांची चढाई असली तर ओरडा हवं तेवढं, कप्तानाचं कामच ते. पण आपली खेळाडू चढाईला गेली की तिला आपल्या संघातल्या कोणी काही सांगायचं नाही, असा नियम आहे. सांगितलं की समोरच्यांना फुकटचा पॉइंट. आणि एका फायनलमध्ये हिनं नेमकं तेच केलं. चढाईवर गेलेल्या पोरीला ओरडली, "बोनस घे वं!" पंचाची शिट्टी वाजली, आणि त्याच एका पॉइंटानं आम्ही हरलो.

मंडळाच्या लोकांनी लगेच तोंडं वाकडी केली. पुढची फायनल हरली तर कप्तानी दुसरीला द्यायची, असं ठरवूनही टाकलं. घोटा मुरगळला तरी न रडणारी माझी बायको त्या दिवशी घरी येऊन ओक्साबोक्शी रडली. माझ्या अशी तळपायाची आग मस्तकात गेली! अबे, इतक्या वर्षांच्या पकडी काय तुमच्या बापानं केल्या?

मग तिनंच उपाय काढला. आपली पोरगी चढाईला निघाली की ही जर्सीची कॉलर दातांत धरायची आणि पोरगी परत येईस्तोवर सोडायची नाही. प्रत्येक सामन्यानंतर कॉलरीच्या चिंध्या व्हायच्या. त्या शिवायची कोण, तर आई. "सून आणली का उंदीर आणला गा?" असं मला ऐकवत ऐकवत शिवायची. पण टाका असा पक्का घालायची, की बाकीची जर्सी फाटावी पण कॉलर टिकावी.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा फायनलला पोचलो. आमची लहानगी सांभाळायला कोणी नाही असं सांगून मी आईला पहिल्यांदा मैदानावर आणलं. ती पदर नाकापर्यंत ओढून बसली, कारण शेजारणी मागेच बसल्या होत्या.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत गेला. बायको बाद होऊन रेषेबाहेर बसलेली. आत आमची एकच पोरगी उरली होती, संघातली सगळ्यात नवी, आणि चढाईही तिचीच. ती धरली गेली असती तर सामनाही गेला असता आणि कप्तानीही. ती दम धरून आत घुसली. समोरची कोपऱ्यावरची हळूच तिच्या पाठीमागे सरकली. पोरीला ते दिसलं नाही, बायकोला दिसलं. तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण दात काही कॉलर सोडेनात. मी मनात म्हणत होतो, धर वं, धरून ठेव.

तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "मांगं पाह्य वं पोरी, मांगं!"

पोरगी गर्रकन वळली, मागून येणारीला हात लावला आणि मध्यरेषेवर झेपावली. शिट्टी झाली. एका पॉइंटानं आम्ही जिंकलो!

समोरचा संघ धावत पंचाकडे गेला. "कप्तान बोलली! पॉइंट आमचा!" पंच बायकोकडे वळला. ती घाबरून उभी, आणि कॉलर अजून तिच्या दातांतच. सोडायचंच विसरली होती बिचारी. सगळं मैदान खो खो हसलं. पंचालाही हसू आवरेना. तरी त्यानं विचारलं, "मग बोललं कोण?"

माझ्या शेजारी आई उठून उभी राहिली. नात कडेवर, पदर कमरेला खोचलेला.

"म्या बोल्ली," ती म्हणाली, मागच्या शेजारणींना नीट ऐकू जाईल अशी. "कप्तानाची सासू आहो मी. मले कोणता नियम लावता, लावा!"