दोन्हीकडून पुसलेला दादा

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत मांजर आडवं गेलं की लोक दोन मिनिटं थांबतात. मी मांजरालाच सॉरी म्हणून पुढे जातो. सांगायचा मुद्दा, भूतबाधा, शकुन, अमुकतमुक यावर माझा काडीचाही विश्वास नाही... नव्हता... जाऊ द्या, तुम्हीच ठरवा.

मी वाळूजला एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात संगणकांचं बघतो. तिथल्या डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचा, एक व्हर्च्युअल सर्व्हर आहे. व्हर्च्युअल म्हणजे संगणकाच्या पोटात राहणारा दुसरा संगणक. त्याला स्वतःचा पत्रा नाही, पंखा नाही, नुसता जीव. सगळ्यात जुना, म्हणून त्याचं नाव आम्ही ‘दादा’ ठेवलेलं. खोक्यांवरची लेबलं तोच छापतो. लेबल नसलं तर पुढची कंपनी गेटवरूनच ट्रक परत पाठवते.

दादा ज्या यंत्राच्या पोटात राहायचा ते आता धापा टाकत होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला कॉपी करून नव्या यंत्रात हलवायचं ठरलं. तीनला ट्रक निघायचा होता, त्याआधी.

आता एक कबुली. रजिस्टरमध्ये मी दर आठवड्याला ‘बॅकअप घेतला’ असं सुवाच्य अक्षरात लिहायचो. घ्यायचो मात्र चहा. म्हणजे जगात दादा एकच होता, आणि तो गेला तर माझी नोकरीही त्याच्यामागे सती जाणार होती.

सकाळी कॉपी सुरू केली. तेवढ्यात आमचे जुने फिटर शेलारकाका एसीची हवा खायला आले. आमच्याकडे लोखंड कातायची लेथ एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायची असली की तिचा ऑपरेटर आधी तिच्यावर हात ठेवून सांगतो, “चल बाई, तिकडं जायचंय.” काका म्हणाले, “सर, सांगितलं का त्याला?”

“काका, त्याला कान नाहीत.”

“लेथला कुठं असतेत?”

मी हसलो. नको होतं हसायला.

दीडला कॉपी झाली. नवा दादा चालू करून बघितला, ठणठणीत. बंद केला, आता जुना पुसायचा. समोर पडद्यावर दोन खिडक्या, एक जुन्या यंत्राची, एक नव्याची. दोन्हीत नाव एकच — दादा. इतक्यात बायकोचा फोन, “येताना कोथिंबीर आणा.” हो हो म्हणत मी डिलीट दाबलं. बघतो तर दादा यादीत तसाच! गेला नाही वाटतं... म्हणून पुन्हा दाबलं.

मग लक्षात आलं. पहिल्यांदा मी नवा पुसला होता. तसाच दिसत होता तो जुना... आणि दुसऱ्यांदा तोही पुसला. दोन्ही याद्या कोऱ्या.

एसीत घाम फुटला. डिस्पॅचच्या कांबळे मॅडमना सांगणं भाग होतं. आवार ओलांडताना मनात बजाजनगरला वडापावची गाडी टाकून झाली, नावही ठरलं. दारात पोचलो तर प्रिंटर खर्र... खर्र...

“काय सर, मस्त केलं काम! लेबलं भराभर निघायलीत.”

“कुठून?” मी विचारलं.

“म्हंजे? प्रिंटरमधून!”

वाटलं, प्रिंटरच्या पोटात जुनं काही अडकलं असेल. म्हटलं, “मॅडम, आत्ता आलेल्या ट्रकचा नंबर टाका.” त्यांनी टाकला. तोच नंबर छापून आला.

पळत परत आलो. याद्या कोऱ्याच. दोन्ही यंत्रांच्या केबली उपटल्या, फोन केला. “निघायलीत, सर.” दोन्ही यंत्रं बंद केली. “निघायलीत की! तुम्ही सारखं काय विचारायलात?” यंत्रांचे पंखेही थांबलेले.

शेलारकाका खुर्चीत तसेच. “न सांगता घर मोडलं तुम्ही त्याचं. आता भटकायलंय बिचारं. सांगा.”

मी दार लावून घेतलं. नव्या यंत्रावर हात ठेवला. “दादा,” म्हणालो, “चुकलं माझं. बॅकअपचंही खोटं लिहिलं. आता... इकडं राहायचंय, चला.”

केबली जोडल्या, यंत्र सुरू केलं. यादीत दादा. चालू. सगळ्या नोंदी जागच्या जागी. मधल्या काळात निघालेल्या लेबलांच्यासुद्धा! मागे वळलो तर लावलेलं दार उघडं आणि कांबळे मॅडम तोंडावर ओढणी धरून उभ्या.

“माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय, सर. मी असलं काही मानत नाय,” म्हणाल्या, “पण बॅकअपचं ऐकलं बरं का मी.”

ट्रक तीनला गेला. तेव्हापासून बॅकअप खरंच घेतो, मॅडम येऊन बघून जातात. त्या तासाभरात दादा कुठे होता, हे दोन्ही यंत्रांच्या नोंदी चाळूनही कळलेलं नाही. जाणत्या मित्रांना विचारलं. ते म्हणतात, तू नीट पुसलंच नसशील. पण यंत्रं तर बंद होती ना हो!

परवा नवं यंत्र शेजारच्या खोलीत न्यायचं होतं. सकाळीच कांबळे मॅडमचा फोन. “सर, सांगितलं का त्याला?”

“मॅडम, तुम्ही तर मानत नाही!”

“मी नाय मानत,” त्या म्हणाल्या, “पण ते मानतंय ना.”