चापावरचं बोट

जुनं पिस्तूल विकायला मी शस्त्रांच्या दुकानात गेलो होतो. शेजारी एक गृहस्थ खिशात मावेल असं छोटं पिस्तूल निवडत होते. कुठलंही हातात घेतलं की त्यांचं बोट आपसूक चापावर जाई. दुकानदार म्हणे, "साहेब, बोट बाहेर." मला नवल वाटलं. दार दिसलं की हात कडीकडे जातो, तसंच हे असेल का? वस्तूच बोटाला जागा दाखवत असेल?

"याला सेफ्टीचा खटका नाही, पण चाप जड आहे. त्याला खटका आहे, पण तो आठवणीनं लावावा लागतो," दुकानदार म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आबा, तुम्हीच सांगा यांना. एवढी वर्षं बाळगलंय तुम्ही."

माझ्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीनं आमचा ड्रायव्हर दत्तू कायमचा लंगडा झाला. खटका बिघडला होता, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. दत्तूलाही.

दुकानदारानं माझ्या पिस्तुलाचा खटका वरखाली करून पाहिला. "नव्यासारखा आहे की अजून."

"तेव्हाही होता," मी म्हणालो. "मी लावलाच नव्हता. आणि बोट चापावर होतं."

त्या गृहस्थांनी हळूच बोट काढून घेतलं. बाहेर येऊन मी रिक्षावाल्याला दत्तूच्या गल्लीचा पत्ता सांगितला.